स्लीव्ह, बायपास की इंजेक्शनं? बहिणीच्या वजनाच्या शस्त्रक्रियेबद्दल सल्ला हवा आहे

उंबरठा

बहिणीसाठी विचारतोय. वय ४१, उंची १६२ सेंमी, वजन ११२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४२.७. टाइप २ मधुमेह ६ वर्षांपासून, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, इन्सुलिन नाही, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४. रात्री आडवं झालं की छातीत जळजळ होते, त्यासाठी ३ वर्षं रोज पँटोप्राझोल ४० मिग्रॅ. खूप घोरते, दिवसा पेंग येते, पण झोपेची तपासणी झालेली नाही. गुडघ्यांसाठी आठवड्यातून तीन-चारदा आयबुप्रोफेन. तंबाखू-दारू नाही. आहार आणि व्यायामाचे तीन नेटाचे प्रयत्न झाले. प्रत्येक वेळी १०-१२ किलो उतरले आणि दीड वर्षात परत आले.

सर्जननी स्लीव्ह सुचवली आहे, 'साठ टक्के वजन जाईल' असं सांगितलं. एंडोस्कोपी आदल्या दिवशी करून घेऊ म्हणाले. बहिणीची तयारी आहे, पण पुढील गोष्टी नीट समजल्याशिवाय तिला सही करायची नाही:

साठ टक्के म्हणजे नेमके किती किलो? जळजळ असताना स्लीव्ह चालते का, की बायपास बरी? वजन उतरवणाऱ्या, आठवड्याला एकदा घ्यायच्या इंजेक्शनांनी हेच साधणार असेल तर पोट कापायचं कशाला? आणि 'आयुष्यभर पथ्य' म्हणतात त्यात रोज नक्की काय काय करावं लागतं?

---

सुईदोरा

आधी साठ टक्क्यांचा हिशेब करू, कारण घोटाळा तिथेच होतो. हे साठ टक्के एकूण वजनाचे नाहीत, जादा वजनाचे आहेत. बीएमआय २५ ला जे वजन येतं ते 'योग्य' धरायचं आणि त्याच्या वरचं सगळं जादा. १६२ सेंमी उंचीला बीएमआय २५ म्हणजे ६५.६ किलो. ११२ मधून ते वजा केलं की जादा वजन ४६.४ किलो. त्याचे साठ टक्के साधारण २८ किलो. म्हणजे वजन ८४ च्या आसपास, बीएमआय ३२. एकूण वजनाच्या हिशेबाने ही घट २५ टक्के होते. साखर, रक्तदाब, गुडघे, झोप या सगळ्यांसाठी २८ किलो हा फार मोठा फरक आहे. पण पेशंटच्या मनात ६० किलोची बाई असेल तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही तिला ती फसली असंच वाटेल. म्हणून सर्जनकडून नेहमी किलोत आकडा घ्या, आणि तो कितव्या वर्षाचा ते विचारा.

वर्ष विचारायचं कारण असं की वजन १२ ते १८ महिन्यांत तळ गाठतं आणि मग थोडं वर चढतं. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपासची थेट तुलना करणारी चाचणी झाली, तिचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले: जादा वजनातली घट स्लीव्हमध्ये ४३.५ टक्के, बायपासमध्ये ५१.९ टक्के. तुमच्या बहिणीच्या आकड्यांत मांडलं तर दहा वर्षांनी स्लीव्ह घेऊन सुमारे ९२ किलो, बायपास घेऊन सुमारे ८८. ही मधली माणसं झाली. काही जण याच्या बरेच खाली राहतात, काहींचं बरंचसं वजन परत येतं.

आता जळजळ. माझ्या मते तुमच्या बाबतीत निर्णय इथेच फिरतो. स्लीव्हमध्ये जठराचा डावीकडचा ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून बाहेर काढतात. आत ३६ ते ४० फ्रेंच (म्हणजे १२-१३ मिमी) जाडीची नळी ठेवून तिच्या कडेने कापत जातात, जठरनिर्गमाच्या (जठराच्या खालच्या तोंडाच्या) ४ ते ६ सेंमी अलीकडून सुरुवात करून वर अन्ननलिकेच्या कोपऱ्यापर्यंत. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. खालची झडप शाबूत, वर जागा कमी, त्यामुळे आतला दाब वाढतो. जेवणानंतर सैल पडून जागा करून देणारा वरचा फुगीर भागच गेलेला असतो. अन्ननलिकेच्या तोंडाशी आधार देणारे स्नायूंचे तंतूही त्या कापात दुखावू शकतात. ॲसिडला वर चढायला वाट मिळते. त्याच फिनिश चाचणीत दहा वर्षांनी अन्ननलिकेला सूज आणि जखमा स्लीव्हच्या ३१ टक्के लोकांत दिसल्या, बायपासच्या ७ टक्क्यांत. स्वित्झर्लंडच्या चाचणीत आधीपासून असलेली जळजळ पाच वर्षांत वाढली असे लोक स्लीव्हमध्ये ३१.८ टक्के होते, बायपासमध्ये ६.३ टक्के.

बायपासमध्ये जठराचा वरचा सुमारे ३० मिलीचा तुकडा वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडतात. ॲसिड तयार करणारं बाकीचं जठर आत तसंच राहतं, पण अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतं. पित्त येतं ते जोडापासून १०० ते १५० सेंमी खाली. म्हणून बायपास स्वतःच जळजळीवरचा एक इलाज ठरते.

यावरून एंडोस्कोपी आदल्या दिवशी करण्यातली अडचण लक्षात येईल. कोणती शस्त्रक्रिया करायची हे ठरवणारी तपासणी शस्त्रक्रियेची तारीख, खोली आणि मनाची तयारी ठरल्यावर केली तर तिच्या निकालाने काहीच बदलत नाही. किमान तीन-चार आठवडे आधी करा. तीत चार गोष्टी बघायच्या: अन्ननलिकेच्या जखमांची श्रेणी (ए सौम्य, डी सर्वांत गंभीर), हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) आहे का आणि किती सेंमीचा, बॅरेट बदल (ॲसिडने अन्ननलिकेचं अस्तर बदलणं) आहे का, आणि हेलिकोबॅक्टर हा जठरातला जंतू. श्रेणी सी किंवा डी, किंवा बॅरेट आढळला तर स्लीव्हचा आग्रह धरू नका. श्रेणी ए किंवा काहीच नाही, पण त्रास मात्र आहे, अशा वेळी २४ तासांची ॲसिड मोजणी आणि अन्ननलिकेच्या दाबाची तपासणी करून घ्यावी. हेलिकोबॅक्टर निघाला तर त्याचा कोर्स पूर्ण करून तो गेल्याची खात्री करायला वेळ लागतो, आदल्या दिवशी तेही शक्य नाही.

---

हिरवी_वाट

बायपास म्हटलं की लोक दोन जोडांच्या जुन्या पद्धतीचाच विचार करतात. एक जोड असलेली मिनी बायपास सोपी आहे, वेळ कमी लागतो, साखरेवर परिणाम जोरदार आहे आणि उलटवताही येते. एचबीएवनसी ८.४ असताना त्या पर्यायाबद्दल नक्की विचारा. जठराची लांब नळी करून तिला आतड्याच्या सुरुवातीपासून १५० ते २०० सेंमीवर एकदाच जोडतात. जोड एक, त्यामुळे गळतीची जागाही एक कमी, आणि आतड्याच्या आवरणात पडणारी फटही एकच.

---

सुईदोरा

साखरेबद्दलचं म्हणणं मान्य. पण ज्या पेशंटची मुख्य तक्रारच जळजळ आहे तिला मिनी बायपास सुचवताना मी थांबेन. त्या पद्धतीत पित्त जोडाजवळूनच वाहतं, त्यामुळे ते जठराच्या नळीत आणि काहींत अन्ननलिकेपर्यंत चढू शकतं. पित्ताच्या जळजळीवर पँटोप्राझोलचा उपयोग होत नाही, कारण ते ॲसिड नाही. त्रास टिकला तर पुन्हा शस्त्रक्रिया करून दोन जोडांच्या बायपासमध्ये बदलावं लागतं. शिवाय २०० सेंमी आतडं वगळलं तर प्रथिनं, लोह आणि चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं जास्त तुटतात. जळजळ नसलेल्या, मधुमेह जोरात असलेल्या पेशंटला ती चांगली पडते. इथे नाही.

---

जागल्या

भुलीच्या बाजूने लिहितो.

घोरणं, दिवसाची पेंग आणि बीएमआय ४२ एवढं एकत्र असताना झोपेची तपासणी न करता टेबलावर घेऊ नये. झोपेत श्वास अडकत असेल तर भूल उतरतानाचे तास आणि वेदनेसाठी दिलेली अफूजन्य औषधं धोक्याची ठरतात: माणूस गाढ झोपतो, घसा मिटतो, आणि शरीराची जागं होण्याची सवय औषधाने दबलेली असते. तपासणीत त्रास निघाला तर सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं) आधी काही आठवडे वापरून सवय करून घ्या आणि ते दवाखान्यात सोबत न्या. मशीनच्या हवेने टाके सुटतील अशी भीती घातली जाते. तसं दिसून आलेलं नाही.

औषधांत तीन गोष्टी. पहिली, मधुमेहाच्या गोळ्या मध्यंतरी बदलल्या असतील आणि त्यात डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांपैकी काही आलं असेल तर ते शस्त्रक्रियेच्या किमान ३ दिवस आधी बंद करावं लागतं. बंद केलं नाही आणि आधीचे दोन आठवडे कमी उष्मांकाचा द्रव आहार चालू असेल तर साखर जवळपास सामान्य दिसत असतानाच रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारे आम्ल पदार्थ) साचून ॲसिडोसिस होतो, म्हणजे रक्त धोकादायक आम्ल बनतं. साखर ठीक दिसते म्हणून कोणी कीटोन तपासत नाही आणि निदान उशिरा होतं. दुसरी, आठवड्याचं इंजेक्शन कोणी सुरू करून दिलं असेल तर भूलतज्ज्ञाला सांगाच, कारण त्याने जठर हळू रिकामं होतं आणि उपाशी असूनही आत अन्न राहू शकतं. तिसरी, इस्ट्रोजेन असलेली कोणतीही गोळी चालू असेल तर रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. ती साधारण महिनाभर आधी थांबवतात, पर्यायी गर्भनिरोधक ठरवून.

ग्लिमेपिराइडबद्दल वेगळं सांगतो. द्रव आहार सुरू होताच ही गोळी साखर धोकादायक पातळीला खाली नेऊ शकते. ती कधी कमी करायची आणि कधी बंद, हे आहार सुरू होण्याआधी लिहून घ्या, नंतर फोनवर नाही. मेटफॉर्मिन बहुधा चालू राहतं, पण शस्त्रक्रियेनंतर हळू विरघळणारी गोळी न घेता साधी घ्यावी.

एचबीएवनसी ८ च्या खाली आणायचा प्रयत्न करा. आणि डोळ्यांचा पडदा आधी तपासून घ्या. साखर झपाट्याने खाली आली की आधीपासून दुखावलेला पडदा काही काळ बिघडू शकतो. हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

घरी आल्यावर कोणत्या लक्षणाला रात्री दोन वाजता उठून निघायचं तेही लिहितो. पहिल्या दहा दिवसांत नाडी बसल्या जागी १२० च्या वर राहणं, ताप, डाव्या खांद्यात दुखणं, धाप, 'काहीतरी वाईट होणार' अशी बेचैनी: हे टाक्याची ओळ गळत असल्याचं असू शकतं. लठ्ठ माणसाचं पोट अशा वेळी दगडासारखं कडक होईलच असं नाही, म्हणून नाडीवर जास्त विश्वास ठेवा. गळतीचं प्रमाण अनुभवी हातांत शंभरात एकाच्या आसपास आहे, पण ती वेळेत पकडली आणि उशिरा पकडली यातला फरक जिवावरचा असतो. एका पिंडरीला सूज आणि दुखणं, किंवा एकदम छातीत कळ आणि धाप हे गुठळीचं लक्षण. गुठळी होऊ नये म्हणून शस्त्रक्रियेच्याच संध्याकाळी उभं राहून चालायचं असतं, आणि रक्त पातळ ठेवण्याचं इंजेक्शन ठरलेल्या दिवसांपर्यंत चुकवायचं नाही.

---

मापात

'रोज काय करावं लागतं' याचं उत्तर मी आहाराच्या बाजूने देते.

आधीचे दोन आठवडे: ८०० ते १२०० उष्मांकांचा, कमी कर्बोदकांचा, भरपूर प्रथिनांचा आहार. उद्देश वजन उतरवणं नाही, यकृत लहान करणं आहे. चरबीने सुजलेलं यकृताचं डावं अंग बरोबर जठरावर आडवं पडलेलं असतं, ते उचलता आलं नाही तर सर्जनला वरचा कोपरा दिसत नाही, आणि गळती बहुतेक वेळा त्याच कोपऱ्यात होते. या दोन आठवड्यांत 'शेवटची जेवणं' म्हणून पोटभर खाऊन घेण्याचा मोह होतो. घरच्यांनी हे ओळखावं आणि आग्रह टाळावा.

नंतर: पहिले एक-दोन दिवस गाळलेले पातळ द्रव, मग सुमारे दोन आठवडे दाट द्रव, पुढचे दोन आठवडे गुळगुळीत वाटलेलं, मग दोन आठवडे मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीच्या पोताचं अन्न. घाई केली की उलटी. घोट ३० मिलीच्या मापाने घ्यायचे, दिवसाला किमान दीड लिटर पाणी पोटात जायला हवं. पहिल्या महिन्यात पुन्हा दवाखान्यात भरती व्हायचं एक मोठं कारण म्हणजे नुसतं पाणी कमी पडणं. खाताना पाणी नाही, खाल्ल्यावर अर्धा तास नाही. प्रथिनं दिवसाला ६० ते ८० ग्रॅम, ताटात पहिला घास त्यांचाच, कारण चार घासांनंतर जागा उरत नाही.

आता पूरक औषधं, बायपास धरून. मल्टिव्हिटॅमिन रोज, त्यात थायमिन (बी१ जीवनसत्त्व) किमान १२ मिग्रॅ. लोह: मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीला ४५ ते ६० मिग्रॅ. कॅल्शियम १२०० ते १५०० मिग्रॅ, पण एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त शोषलं जात नाही, म्हणून दिवसात दोन-तीनदा विभागून. कॅल्शियम सायट्रेट घ्या. कार्बोनेटला विरघळायला ॲसिड लागतं आणि ते आता वाटेत नाही, शिवाय पँटोप्राझोल चालू. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर एकमेकांना अडवतात. डी जीवनसत्त्व सुमारे ३००० युनिट रोज, रक्तातली पातळी ३० च्या वर राहील असं. बी१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडाने किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. स्लीव्ह केली तरी यादी जवळपास हीच.

तुमच्या बहिणीच्या बाबतीत एक गोष्ट खास. मेटफॉर्मिन ६ वर्षं आणि पँटोप्राझोल ३ वर्षं, दोन्हींमुळे बी१२ आधीच उतरलेलं असू शकतं. लोह, फेरिटिन (लोहाचा साठा), फोलेट, बी१२, डी आणि पॅराथायरॉइड हार्मोन हे आत्ता तपासा आणि कमी असेल ते आधी भरून काढा. रिकाम्या टाकीवर बायपास केली तर सहा महिन्यांत हातापायांना मुंग्या येतात आणि त्या मधुमेहाच्या म्हणून खपून जातात.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. शस्त्रक्रियेनंतर कितव्याही आठवड्यात दोन-तीन दिवसांहून जास्त उलट्या होत राहिल्या तर थायमिनचा विचार सगळ्यांत आधी व्हायला हवा. शरीरातला साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. कमतरता मेंदूवर गेली की तोल जातो, दोन-दोन दिसतं, बोलण्यात गोंधळ होतो, आणि उशीर झाला तर स्मरणशक्ती परत येत नाही. अशा माणसाला आपत्कालीन कक्षात आधी ग्लुकोजची बाटली लावली तर उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं. म्हणून थायमिन शिरेतून आधी किंवा सोबत द्यायचं. एका कागदावर 'बायपास झालेली आहे, थायमिन आधी' असं लिहून तो कागद पाकिटात ठेवायला सांगते मी प्रत्येकाला.

रक्ततपासणी ३, ६ आणि १२ महिन्यांनी, पुढे दर वर्षी. कायम. केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, ते झपाट्याने वजन उतरल्यामुळे, आणि बहुतेकांचे परत येतात. नऊ-दहा महिन्यांनंतरही गळत राहिले तर फेरिटिन आणि झिंक बघा. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून पहिले ६ महिने अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड देतात, तेही विचारा.

---

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. एंडोस्कोपी आणि झोपेची तपासणी दोन्ही आधी करून घ्यायचं ठरवलं आहे, शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलली.

दोन प्रश्न उरले. इंजेक्शनांबद्दल कुणी लिहिलं नाही, बहिणीचा ओढा अजून तिकडेच आहे. आणि गुडघे: आयबुप्रोफेन बंद करायला सांगितलं तर ती चालणार कशी?

---

पानगळ

इंजेक्शनांबद्दल मी लिहिते, कारण जाहिरातीतला आकडा तुमच्या बहिणीचा नाही.

सेमाग्लुटाइड २.४ मिग्रॅने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के घट, आणि टिर्झेपटाइड १५ मिग्रॅने ७२ आठवड्यांत २०.९ टक्के, हे सगळीकडे छापून येणारे आकडे मधुमेह नसलेल्या लोकांतले आहेत. मधुमेह असलेल्यांत वेगळ्या चाचण्या झाल्या, तिथे सेमाग्लुटाइडने ९.६ टक्के आणि टिर्झेपटाइडने १४.७ टक्के. ११२ किलोवर हे ११ आणि १६ किलो होतात. बायपासने पहिल्या-दुसऱ्या वर्षी ३० ते ३३ किलो अपेक्षित धरतात, मधुमेहींत थोडं कमी. बीएमआय ४२ वर हा फरक मोठा आहे. बीएमआय ३२ असता तर मी उलटं सांगितलं असतं.

दुसरं, औषध थांबवलं की वजन परत येतं. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर एका वर्षात गमावलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसलं. म्हणजे रक्तदाबाच्या गोळीसारखं ते कायमचं धरून चालावं लागतं. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झालेला असेल तर ही औषधं नको. आधी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तरी डॉक्टरांना सांगा.

तरीही ओढा इंजेक्शनांकडे असेल तर त्यात चूक नाही. एक मुदत आणि एक आकडा आधी ठरवा: पूर्ण डोसवर तीन-चार महिने झाल्यावर पाच टक्केही उतरलं नाही, तर पुढे न ओढता शस्त्रक्रियेकडे वळायचं. आणि उतरलं तर ते वाया जात नाही, कमी वजनावर शस्त्रक्रिया जास्त सुरक्षित होते. हे 'एक किंवा दुसरं' नाहीच. बायपासनंतर काही वर्षांनी वजन वाढू लागलं तर हीच इंजेक्शनं तेव्हा कामी येतात.

मधुमेहासाठी मात्र वेळ महत्त्वाची आहे. अमेरिकेतल्या एका चाचणीत पाच वर्षांनी एचबीएवनसी ६ किंवा खाली राहिलेले लोक बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के आणि फक्त औषधांवर ५ टक्के होते. ज्यांचा मधुमेह कमी वर्षांचा आणि ज्यांना इन्सुलिन लागत नाही त्यांना हा फायदा जास्त मिळतो, कारण स्वादुपिंडात अजून जीव असतो. तुमची बहीण आज त्या गटात आहे. पाच वर्षं थांबून इन्सुलिन सुरू झालं की ती बाहेर पडेल. एकदा सी-पेप्टाइड तपासा, स्वादुपिंड किती काम करतंय ते कळेल.

आणि एक विचारायला अवघड पण विचारायलाच हवं: रात्री लपून खाणं, एका बैठकीत ताबा सुटून खाणं, खाऊन उलटी काढणं असं काही आहे का? असेल तर शस्त्रक्रिया रद्द होत नाही, पण आधी त्यावर उपचार व्हावेत. जठर लहान केल्याने ताबा सुटणं थांबत नाही. घन अन्न बसत नाही म्हणून गोड द्रव आणि चघळायच्या गोष्टी सुरू होतात, आणि वजन तिथूनच परत येतं. दारू नाही हे चांगलंच आहे, पण बायपासनंतर ती कधीच सुरू करू नका. ती पटकन आणि जास्त चढते, आणि दुसऱ्या वर्षापासून व्यसनाचा धोका वाढलेला दिसतो.

गर्भधारणेचा विचार असेल तर १२ ते १८ महिने थांबावं लागतं. वजन उतरलं की पाळी नियमित होऊन गर्भ अनपेक्षितपणे राहतो, आणि बायपासनंतर तोंडावाटे घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. तांबी किंवा हार्मोनचं साधन बसवून घेणं चांगलं.

---

सुईदोरा

गुडघ्यांचं उत्तर सोपं नाही, पण स्पष्ट आहे. बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन कायमचे बंद. जठर आणि आतडं जिथे जोडलं आहे तिथे या गोळ्यांनी व्रण होतो, तो रक्त गाळतो किंवा फुटतो. तंबाखू हे दुसरं मोठं कारण, ते तुमच्याकडे नाही. शेजारच्या दुकानातून आणलेल्या सर्दीच्या किंवा पाळीतल्या दुखण्याच्या गोळीतही हीच औषधं असतात, म्हणून वेष्टनावरची नावं वाचायला घरात सगळ्यांनी शिकावं.

पर्याय: पॅरासिटामॉल, यकृत ठीक असेल तर ठरलेल्या मात्रेत. गुडघ्यावर लावायचं डायक्लोफेनॅक जेल, कारण रक्तात फार थोडं जातं. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम आजपासून. गरज पडली तर सांध्यात इंजेक्शन, पण स्टेरॉइडने काही दिवस साखर चढते हे ध्यानात ठेवून. प्रत्येक किलो उतरला की चालताना गुडघ्यावरचा भार त्याच्या कितीतरी पटीने हलका होतो, त्यामुळे सहा महिन्यांनी गोळीची गरजच बहुधा कमी झालेली असते. तोवरचे पहिले सहा महिने निभावायचे आहेत. ती आयबुप्रोफेनशिवाय राहूच शकत नसेल, किंवा कुठल्या आजारासाठी ते कायम लागणार असेल, तर मात्र तो बायपासच्या विरुद्धचा खराखुरा मुद्दा आहे आणि तराजू पुन्हा स्लीव्हकडे झुकतो. म्हणून आत्ताच महिनाभर बंद करून बघा. निर्णयाआधीची ही सगळ्यांत स्वस्त चाचणी आहे.

सर्जनना विचारायचं ते असं. वर्षाला यातल्या किती बायपास करता आणि किती स्लीव्ह? एकच प्रकार करणारा बहुधा तोच सुचवतो. तुमच्या हातून गळती किती, आणि पाच वर्षांनी किती पेशंट तपासणीला येतात? हायटस हर्निया निघाला तर त्याच वेळी दुरुस्त करणार का? आतड्याच्या आवरणातल्या फटी शिवून बंद करता का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असायला हवं. वजन उतरलं की आतली चरबी वितळते, फटी मोठ्या होतात आणि आतडं त्यात अडकतं. एका वर्षानेही होतं, सात वर्षांनीही. जेवणानंतर येणारी, पाठीत जाणारी, पोटाच्या वरच्या डाव्या बाजूची जोराची कळ हे त्याचं लक्षण, आणि स्कॅन साफ असला तरी ते नाही असं म्हणता येत नाही. अशा वेळी बायपास माहीत असलेल्या सर्जनने पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने आत बघावं लागतं.

आणि रात्री फोन कोण उचलणार, तो नंबर सही करण्याआधी घ्या.

---

उंबरठा

आयबुप्रोफेन आजपासून बंद केलं. अजून एक: बायपास झाली तर पुढे कधी एंडोस्कोपी लागली, तर ते बाजूला पडलेलं जठर दिसतं का?

---

सुईदोरा

नेहमीच्या दुर्बिणीने नाही. तोंडातून गेलेली दुर्बीण लहान कप्पा आणि जोड बघून आतड्यात उतरते, जुन्या जठरापर्यंत पोचायला तिला फार लांबची वाट पडते. पित्तनलिकेत खडा अडकला तर तो नेहमीच्या मार्गाने काढणंही म्हणूनच अवघड होतं. यासाठीच आत्ताच्या एंडोस्कोपीत जठर पूर्ण, नीट बघून घ्यायचं, संशयास्पद जागेचा तुकडा तपासायला पाठवायचा, आणि पोटाची सोनोग्राफी करून पित्ताशयात खडे आहेत का तेही आधीच पाहायचं. घरात कुणाला जठराचा कर्करोग झालेला असेल तर ते एंडोस्कोपी करणाऱ्याला आधी सांगा. त्या एका गोष्टीने बायपासचा निर्णय बदलू शकतो.